केल्टिक नाण्यांची अवस्था कशी पारखावी

केल्ट म्हणजे रोमनपूर्व युरोपातल्या जमाती. सुरुवात त्यांतल्या एकाच जमातीपासून करा. सगळीकडे हात घातलात तर नजर तयार होत नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कोरिओसोलिट्स जमातीची नाणी नवख्याला बरी. २०१२ मध्ये जर्सी बेटावर सापडलेल्या एकाच ठेव्यात जवळपास ७० हजार नाणी होती, त्यांतली बहुतेक यांचीच. त्यामुळे ताडून पाहायला नमुने भरपूर.

नाणं हातात आलं की ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’ हे अवस्थेचे दर्जे नंतर. आधी ठरवा: जे दिसत नाही ते झिजलंय, की मुळात उमटलंच नव्हतं? सगळी मेख इथेच आहे. चित्र उमटवणारा ठसा बऱ्याचदा धातूच्या कोऱ्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे नाण्यावरच्या घोड्याचं तोंड काठाबाहेर जाणं नेहमीचंच. सीझरच्या गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) युद्धांच्या काळातल्या अंबियानी जमातीच्या ‘स्टेटर’ या सोन्याच्या नाण्याची तर एक बाजू कोरीच असते. ती झीज समजून चांगलं नाणं सोडणारे कमी नाहीत!

आता दहापटीचं भिंग घ्या आणि घोड्याची मांडी पाहा. झीज उंचवट्यावर आधी येते. तो भाग सपाट, गुळगुळीत होतो. ठोका हलका पडला असेल तर तिथे चकतीचा मूळचा खडबडीतपणा दिसतो आणि शेजारच्या रेषा मात्र धारदार असतात. ठसाच जुना झालेला असेल तर रेषा पसरट, फुगलेल्या वाटतात.

मग वजन. अंबियानींचा हा स्टेटर साधारण ६.२ ग्रॅमचा. फारच हलका भरला तर काठावर, खरचटल्या जागी तांबं डोकावतंय का पाहा. तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेली खोटी नाणी तेव्हाही चालवली जात.

पोटीनची, म्हणजे कथिलाचं प्रमाण जास्त असलेल्या तांब्याच्या मिश्रधातूची नाणी साच्यात ओतलेली, त्यामुळे काठावरची तोडल्याची खूण दोष नव्हे. सातवाहनांची पोटीन नाणी हाताळलेल्यांना हा धातू नवा नाही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र नाणं घेऊ नका. आणि कुठलंही नाणं घासू नका.

शेवटी कागदपत्रं. २०२२ मध्ये बव्हेरियातल्या मांखिंगच्या संग्रहालयातून केल्टिक सोन्याची ४८३ नाणी चोरीला गेली. नाणं आधी कोणाकडे होतं, कुठल्या लिलावात विकलं गेलं, हे विक्रेत्याला लेखी सांगता येत नसेल तर माझ्या मते अवस्था कितीही सुरेख असो, व्यवहार करू नये. ब्रिटनमधलं केल्टिक नाणं असेल तर ऑक्सफर्डच्या ‘केल्टिक कॉइन इंडेक्स’ या नोंदसंग्रहात त्याची आधीची नोंद आहे का, तेही तपासा.