बायोमार्कर टेस्ट पाठवताय? मग या चुका टाळा

फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे, बायोमार्कर टेस्टसाठी (गाठीतल्या जीन-प्रोटीनमधले बदल बघून कुठलं औषध चालेल ते ठरवणारी तपासणी) आमच्या मॉलिक्युलर लॅबला सतत येत असतात आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. नवीन रेसिडेंट, तालुक्याला बायोप्सी करणारे डॉक्टर आणि फाईल घेऊन पळणारे नातेवाईक, तिघांनीही वाचा.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टेस्ट फेल झाली की तिला निगेटिव्ह समजणं. 'म्युटेशन (जीनमधला बदल) आढळलं नाही' लिहिलंय तर ते निगेटिव्ह. 'नमुना अपुरा' किंवा 'डीएनए खराब' लिहिलंय तर आम्हाला काहीच कळलेलं नाही, बास. एक केस सांगते. पन्नाशीच्या बाई, विडी-सिगरेट कधी नाही, छातीच्या एक्स-रेवर डाग म्हणून आधी टीबी समजून एकेटी (टीबीची औषधं) चालू, मग पाठ दुखायला लागली तेव्हा मणक्यातलं दिसलं आणि बायोप्सी तिथूनच घेतली. हाड कापता येत नाही म्हणून तिथल्या लॅबने तुकडा रात्रभर ॲसिडमध्ये टाकून मऊ केला. स्लाइडवर ॲडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) छान दिसला, पण डीएनएचा पार भुगा, पीसीआर (डीएनएची तपासणी) चाललाच नाही. आम्ही स्वच्छ लिहिलं की दुसरा नमुना पाठवा. तो कधी आलाच नाही, कारण फाईलमध्ये कोणीतरी 'ईजीएफआर निगेटिव्ह' (ईजीएफआर म्हणजे ज्या जीनमध्ये म्युटेशन असेल तर गोळ्या चालतात तो) लिहून टाकलं आणि पुढच्या प्रत्येकाने तेच उतरवून घेतलं, केमो सुरू. बऱ्याच महिन्यांनी दुसरीकडे एका डॉक्टरांनी नुसता मानेला हात लावून बघितला तर तिथे गाठ, सुई घातली, निघालेल्या पेशींचा मेणात ब्लॉक (सेल ब्लॉक) केला, आमच्याकडेच आला आणि निघालं काय तर ईजीएफआरमधलं एक्झॉन १९ डिलीशन, म्हणजे ज्याला गोळ्या सगळ्यात चांगल्या लागू पडतात त्यातलंच. मुलगा म्हणाला, मॅडम, ती गाठ तर पहिल्यापासून होती.

म्हणून हाडाचा नमुना येणार असं कळलं की मी फोनच करते, दुसरीकडे कुठे गाठ आहे का, छातीत पाणी आहे का, कारण त्या पाण्याचा सेल ब्लॉकसुद्धा मस्त चालतो. हाडाशिवाय पर्यायच नसेल तर मऊ मऊ तुकडे आधी वेगळे काढून ठेवा आणि उरलेलं ॲसिडऐवजी ईडीटीएमध्ये मऊ करा, त्यात डीएनए टिकतो. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी लाडकी चूक, 'गोळी देऊन तर बघू'. ईजीएफआर म्युटेशनवरची गोळी जेफिटिनिब आता जेनेरिक मिळते, स्वस्त आहे, पेशंट बाई आहे, सिगरेट ओढत नाही, मग म्युटेशन असणारच, असा हिशोब. २००९ साली जेफिटिनिब आणि केमोची तुलना करणारी आयपास ट्रायल छापून आली, त्यात पूर्व आशियातले असेच 'दिसण्यावरून' निवडलेले पेशंट होते, सिगरेट न ओढणारे किंवा अगदी कमी ओढून सोडलेले, सगळे ॲडेनोकार्सिनोमाचे. टेस्ट केलेल्यांपैकी साधारण ६० टक्क्यांमध्येच म्युटेशन निघालं. ज्यांच्यात होतं त्यांना गोळी केमोपेक्षा सरस ठरली. ज्यांच्यात नव्हतं त्यांच्यात गोळीने गाठ कमी झालेले जेमतेम १ टक्का, आणि आजार वाढायचा धोका केमोवाल्यांच्या जवळजवळ तिप्पट. आपल्याकडे तर हे म्युटेशन त्यांच्यापेक्षा कमी सापडतं, म्हणजे तुमचा अंदाज अजूनच फसणार. 'नातेवाईक थांबत नाहीत हो मॅडम' हे मी हजारदा ऐकलंय, त्यांना समजावून सांगणं हेही आपलंच काम आहे ना.

याचंच उलटं टोक म्हणजे पीडी-एल१ (इम्युनोथेरपी चालेल का ते बघायचं प्रोटीन) जास्त आलंय म्हणून बाकीचे रिपोर्ट यायच्या आधीच इम्युनोथेरपी चढवणं. नंतर ईजीएफआर पॉझिटिव्ह निघालं आणि त्यावर ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी) दिली की फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो, आणि इम्युनोथेरपीचं औषध अंगात बरेच आठवडे राहतं, दोन दिवस थांबून भागत नाही. अगदीच थांबता येत नसेल तर पहिलं सायकल नुसत्या केमोचं द्या.

आता बाकीच्या पटापट.

बायोप्सी सलाइनमध्ये पाठवू नका. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं. बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट तरी, आणि दुकानातलं कडक फॉर्मेलिन तसंच ओतायचं नाही.

कॅन्सरचा प्रकार ओळखायला टीटीएफ-१ आणि पी४० हे दोन स्टेन लावून उत्तर मिळत असेल तर हौसेने दहा स्टेन लावू नका, सुईएवढा तुकडा असतो, सगळा आयएचसीतच (या स्टेनिंगमध्येच) संपतो आणि आमच्या वाटणीला नुसतं मेण उरतं.

'ईजीएफआर पॉझिटिव्ह' एवढं ठळक अक्षरातलं वाचून थांबू नका, खालची ओळ वाचा. एक्झॉन २० इन्सर्शन (ईजीएफआरमधलाच वेगळा बदल) असेल तर जेफिटिनिबचा सहसा उपयोग होत नाही.

फक्त ईजीएफआर करून विषय संपवू नका, एएलके आणि आरओएस१ हे जीन पण बघायचे असतात, आणि त्यांची फ्युजन (दोन जीन एकमेकांना जोडले जाणं) नुसत्या डीएनएवरच्या पॅनलमध्ये (एकत्र केलेल्या जीन-तपासण्यांच्या संचात) निसटू शकतात, त्यामुळे कुठलं पॅनल मागवताय ते लॅबला विचारा.

लिक्विड बायोप्सी (रक्तातला गाठीचा डीएनए तपासणं) पॉझिटिव्ह आली तर आनंदच आहे, निगेटिव्ह आली तर टिश्यू लागणारच, कारण सगळ्या गाठी रक्तात पुरेसा डीएनए सोडत नाहीत. रक्त काढणं सोपं म्हणून बायोप्सी टाळायची हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

आणि नातेवाईकांनो, पॅथॉलॉजीतून नुसत्या स्लाइड नाही, ब्लॉक पण मागून घ्या, पोच द्या, रिपोर्टवरच्या पॅथॉलॉजी नंबरचा फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ब्लॉक मेणाचा असतो, त्यामुळे मे महिन्यात चंद्रपूरहून नागपूरला आणताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, पिशवीत कपड्यांच्या मध्ये ठेवा.