ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगाराचे अफिलिएट होण्यापूर्वीची तयारी

अफिलिएट म्हणजे आपल्या मजकुरातील लिंकवरून जुगाराच्या कंपनीला ग्राहक मिळवून देऊन त्याबद्दल मोबदला घेणारा. हे काम करायचे तर सर्वप्रथम आपला व्हिसा पाहावा. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर असताना स्वयंरोजगाराला परवानगी नसते, आणि कमिशनवर ग्राहक मिळवून देणे हा स्वयंरोजगारच आहे. मराठीत मजकूर लिहून तो महाराष्ट्रातल्या वाचकांपर्यंत नेण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण भारतीय संसदेने २०२५ साली मंजूर केलेल्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.

त्यानंतर कंपनी निवडावी. जुगाराचे नियमन करणाऱ्या ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत तिचा परवाना आणि ज्या संकेतस्थळाची लिंक आपण देणार आहोत त्याचे नेमके नाव, दोन्ही तपासावे. अफिलिएटला गॅम्बलिंग कमिशनचा स्वतंत्र परवाना लागत नाही. मात्र त्याच्या वर्तनाची जबाबदारी परवानाधारक कंपनीवर येते, त्यामुळे कंपन्या याबाबतीत फार सावध असतात. कर्जबाजारी माणूस कॅसिनोत जिंकून सुखी झाल्याची कहाणी बातमीच्या रूपात सांगणाऱ्या अफिलिएटच्या जाहिरातींवर तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने २०१७ साली ठपका ठेवला, तो संबंधित कंपन्यांच्या नावे. त्याच वर्षी स्काय बेट या सट्टेबाजीच्या कंपनीने आपली संपूर्ण अफिलिएट योजनाच बंद केली.

सर्वाधिक वेळ करारावर घालवावा. सीपीए पद्धतीत ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे एकदाच रक्कम मिळते, तर रेव्हेन्यू शेअरमध्ये त्या खेळाडूकडून कंपनीला होणाऱ्या निव्वळ मिळकतीचा, म्हणजे प्रामुख्याने त्याच्या हरण्याचा, ठरावीक वाटा महिन्यामागून महिना येत राहतो. एखाद्या महिन्यात खेळाडू जिंकले आणि खाते उणे झाले, तर ती तूट पुढच्या महिन्यात ओढली जाते का, हे निगेटिव्ह कॅरीओव्हरचे कलम लेखी स्पष्ट करून घ्यावे. माझे मत असे की नवख्याने सीपीएच स्वीकारावे: हिशेब सोपा राहतो, आणि वाचकाने हरत राहावे यात आपले हित गुंतत नाही.

मजकुरासाठी बोनसच्या महत्त्वाच्या अटी लिंकशेजारीच ठळकपणे देण्याची, प्रत्येक पानावर ते जाहिरात असल्याचे सांगण्याची आणि १८ वर्षांखालील मुलांना विशेष आकर्षित करतील असे क्रीडापटू वा चित्रे टाळण्याची तयारी ठेवावी. एप्रिल २०२० पासून तेथे क्रेडिट कार्डाने जुगार खेळता येत नाही, आणि २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये (चक्रे फिरवून चिन्हे जुळवण्याच्या खेळात) एका डावाला कमाल पाच पौंड, १८ ते २४ वयोगटासाठी दोन पौंड, अशी मर्यादा आहे; जुने लेख या नियमांनुसार सुधारावेत. स्वतःला जुगारापासून रोखू इच्छिणाऱ्यांसाठीच्या गॅमस्टॉप सेवेची माहिती अशी द्यावी, की ती न शोधता सापडेल, आणि तिच्यातून पळवाट सुचवणारा एकही शब्द लिहू नये.

करवर्षात या कामाची एकूण मिळकत १,००० पौंडांच्या वर गेल्यास ते वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे स्वतः कर विवरणपत्र भरण्यासाठी, नोंदणी करावी.