धारवाडच्या जुन्या लाव्हात सोनं शोधताय? या चुका टाळा

दख्खनचा काळा दगड बघत वाढलेल्या आपल्या मुलांना कर्नाटकातल्या धारवाड या अतिप्राचीन भूभागातल्या कोलार-हट्टी या सोन्याच्या पट्ट्यांचा हिरवट-काळा ॲम्फिबोलाइट (दाब-उष्णतेने बदललेला खडक) दाखवला की ती म्हणतात, "सर, हा बेसॉल्टच ना?" मुळात बेसॉल्टच. पण दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर कोलारचा सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात तो दाबला गेला, भाजला गेला, त्यातून गरम पाणी खेळून गेलं. अशा खडकाची रासायनिक तपासणी करून सोनं शोधताना जो घोळ होतो, त्या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

पोटॅशियम, सोडियम, रुबिडियम, बेरियम ही मंडळी पाण्याबरोबर पळतात. त्यामुळे खडकाचं नाव ठरवायच्या सिलिका आणि अल्कलींच्या (सोडियम-पोटॅशियमच्या) नेहमीच्या आलेखावर जुना बेसॉल्ट टाकलात, तर तो भलत्याच नावाच्या चौकटीत जाऊन बसतो. नाव ठरवायला टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, यिट्रियम ही जागची न हलणारी मूलद्रव्यं वापरा. मात्र पळणाऱ्यांना कचऱ्यात टाकू नका. हट्टीला सोन्याच्या शिरांलगतच्या खडकात बायोटाइट (पोटॅशियमवाला काळा अभ्रक) वाढलेला दिसतो, म्हणजे पोटॅशियम बाहेरून आलेलं. ज्याने खडकाचं नाव चुकवलं, तोच शिरेचा माग देतो.

झिर्कोनियम अनपेक्षितपणे कमी आलं? आधी नमुना कसा विरघळवला ते विचारा. झिर्कोनियम ज्यात असतं तो झिरकॉन हा खनिज साध्या आम्लात पुरता विरघळत नाही; लिथियम बोरेटबरोबर वितळवून घ्यावा लागतो. क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाचंही तेच, म्हणून कर्नाटकातल्याच नुग्गीहळ्ळीकडचे क्रोमाइटवाले खडक असतील तर दुप्पट सावध राहा.

आता आमची फजिती. एका वर्षी आमच्या नमुन्यांत टंगस्टन भरभरून आलं. सोन्याच्या शिरांबरोबर टंगस्टन येतं हे पुस्तकात वाचलेलं, त्यामुळे आम्ही खूश! नकाशावर वर्तुळंही काढली. नंतर कळलं, नमुने टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळले होते. टंगस्टन चक्कीचं, आणि वर कोबाल्टही तिचंच. तेव्हापासून दळायला अगेटचं (अकीक दगडाचं) भांडं, आणि वहीत चक्कीचं नाव.

सोन्याचा आकडा तर आणखी फसवा. तपासणीला जाते ती चिमूटभर, बहुधा 30 ग्रॅम, भुकटी. त्यात पाव मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा एकच कण सापडला तरी उत्तर येतं टनाला सुमारे 5 ग्रॅम. तोच कण शेजारच्या पुडीत गेला, तर शून्य. दोन्ही आकडे प्रयोगशाळेने बरोबरच काढलेले असतात! भरड सोन्याची शंका असेल तर मोठा नमुना घ्या, चाळून भरड आणि बारीक भाग वेगळे तपासून घ्या. एका चांगल्या आकड्यावर खंदक खणायला निघू नका.

मूलद्रव्यांच्या आलेखात नायोबियमचा खड्डा (शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा ते बरंच कमी) दिसला की लगेच "बेटांच्या कमानीतला ज्वालामुखी" असं लिहून मोकळं होण्याची घाई असते. वर येताना लाव्हाने जुनं खंडीय कवच गिळलं तरी असाच खड्डा पडतो. शिवाय हे आलेख बहुतेक आजच्या ज्वालामुखींवर बेतलेले. थोरियमचं प्रमाण आणि निओडिमियमची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) बघितल्याशिवाय मी तरी बोलत नाही.

शेवटचं, अगदी स्वस्तातलं काम. सोनं डोळ्यांना दिसणाऱ्या नमुन्यानंतर लगेच सोनं नसलेल्या गारगोटीचा एक नमुना वेगळा क्रमांक देऊन पाठवा. त्यातही सोनं आलं, तर आधीचा नमुना दळून भांडं धुतलेलं नाही.