स्कॅनर उचलण्याआधी: साइट दुरून बघायची तयारी

बांधकाम लेझर स्कॅनरनं टिपायचं आणि दूर ऑफिसातल्यांना ते व्हीआर हेडसेटमध्ये फिरून बघू द्यायचं, त्याची ही तयारी. बॅटऱ्या चार्ज, मेमरी कार्ड रिकामं, हेल्मेट, बूट. हे सांगायला नको. ट्रायपॉडच्या पायांवरचं वाळलेलं सिमेंट तेवढं खरवडून काढा, नाहीतर पाय नीट लॉक होत नाहीत आणि स्कॅन चालू असताना हळूच खाली बसतात.

आता मुद्द्याचं. कंट्रोल पॉइंट. आधी न हलणारे बिंदू ठरवा, टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) त्यांचे कोऑर्डिनेट घ्या आणि मगच स्कॅनरला हात लावा. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं. टार्गेटचे कागद (स्कॅनमध्ये ओळखू येणाऱ्या खुणा) नुसतेच कॉलमवर चिकटवले होते. पुढच्या स्कॅनपर्यंत त्यांवर प्लॅस्टर चढलं आणि नवा पॉइंट क्लाउड (स्कॅनरनं मोजलेल्या बिंदूंचा त्रिमितीय ढग) जुन्यावर बसवायला आधारच उरला नाही. सॉफ्टवेअर आकारावरून जुळवून देतं, खरंय. पण बांधकामात आकारच बदलत असतात. ते आपलं कसंतरी बसवतं, त्रुटी काही मिलिमीटरच दाखवतं, आणि दूर ऑफिसात हेडसेट घातलेल्या साहेबांना जागचा न हललेला स्लॅब सरकलेला दिसतो. मग फोन सुरू.

म्हणून कंट्रोल पॉइंट बांधकामाबाहेर, खोदकामाचा धक्का पोचणार नाही अशा पक्क्या जागी. तीन लागतात, पाच-सहा लावा. एखाद-दुसऱ्यासमोर कोणीतरी विटा रचणारच. एका रेषेत नकोत. मजले चढतील तसे वरही न्या. आणि मुकादमाला स्वतः नेऊन दाखवा, नुसतं सांगून भागत नाही.

स्कॅन कधी? महिन्याच्या ठरल्या तारखेला नव्हे, काँक्रीट ओतायच्या आधी. सळ्या आणि पाइप एकदा गाडले गेले की कुठलाच लेझर ते दाखवणार नाही. माणसं जेवायला गेलेली बरी, नाहीतर क्लाउडमध्ये त्यांची भुतं राहतात. क्युरिंगचं पाणी साचलेलं असेल तर किरण परावर्तित होऊन स्लॅबच्या खाली खोटे बिंदू येतात, काचेचंही तेच. पाऊस, धूळ असेल तर सरळ परत या. लगतच्या दोन स्कॅनमध्ये 30 टक्के तरी भाग सामाईक हवा. आणि दर खेपेला किमान तीन कंट्रोल पॉइंट स्कॅनमध्ये दिसतायत ना, ते स्क्रीनवर तिथेच बघा. ऑफिसात येऊन नाही.

मूळ डेटा जसाच्या तसा बाजूला ठेवा, ई57 मध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फाइल प्रकार) एक प्रत काढा. व्हीआरसाठी क्लाउड पातळ करा, म्हणजे बिंदू कमी करा, नाहीतर चित्र अडखळतं आणि बघणाऱ्याला मळमळतं. कोऑर्डिनेट मोठे असतील तर आरंभबिंदू साइटजवळ आणा: 32 बिटांच्या आकड्यात 20 लाख मीटरपाशी सर्वांत लहान पायरी 12.5 सेंटिमीटरची असते, भिंती दातेरी होतात. किती सरकवलं ते लिहून ठेवा.

हेडसेट चार्ज, नेट तपासा, फिरायला टेलिपोर्टच (दाखवलेल्या जागी एकदम उडी) द्या. स्कॅन ज्याच्याशी ताडायचा ते डिझाइनचं मॉडेल ताज्या आवृत्तीचं घ्या. जुन्याशी ताडलं तर साइटवरच्यांना उगाच बोलणी बसतात.