चाळिशीनंतर समुपदेशनाचे प्रशिक्षण : या चुका टाळा

नागपुरात समुपदेशन कौशल्यांच्या वर्गांत निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, मुले मोठी झाल्यावर नव्याने शिकू पाहणाऱ्या गृहिणी असे प्रौढ विद्यार्थी भेटतात. आयुष्य पाहिलेले असल्यामुळे हे काम आपल्याला सहज जमेल, असे त्यांना वाटते. पहिली अडचण नेमकी तिथूनच सुरू होते.

सरावाच्या जोडीत एकजण म्हणतो, “दहावीनंतर मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला आहे.” त्याचे वाक्य संपते न संपते तोच समोरून उत्तर येते, “अहो भाऊ, आमच्याकडेही असेच झाले होते, तुम्ही त्याला थोडे मोकळे सोडून पाहा.” सल्ला चुकीचा असेलच असे नाही, परंतु बोलणाऱ्याची गोष्ट तिथे थांबते आणि ऐकणाऱ्याची सुरू होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 मध्ये व्यक्तीत बदल घडण्यासाठी आवश्यक अटी मांडल्या, त्यांत समानुभूती (समोरच्याची भावना त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे), बिनशर्त स्वीकार आणि समुपदेशकाचा सच्चेपणा आहे. उपाय सुचवणे त्यांत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे घरात आणि कार्यालयात निर्णय दिले, त्यांना हे पचायला वेळ लागतो. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे : जोडीदाराच्या संमतीने सराव ध्वनिमुद्रित करावा, आपली वाक्ये जशीच्या तशी उतरवून काढावीत आणि प्रत्येकापुढे सल्ला, प्रश्न की प्रतिसाद, हे लिहावे.

सल्ला देण्याची सवय सुटली की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि समोरच्याचे शब्द पोपटासारखे परत करतात. याउलट, “तो बोलत नाही, आणि आपले काय चुकले हे कळत नसल्याने तुमची घालमेल होते आहे, असे मला जाणवले, बरोबर आहे का?” या प्रतिसादात न उच्चारलेली भावना पकडलेली आहे आणि ती दुरुस्त करण्याची मोकळीकही ठेवली आहे. “तुम्ही असे का केले?” हा प्रश्न बहुधा जाब विचारल्यासारखा ऐकू येतो, त्याऐवजी “तेव्हा काय झाले?” असे विचारावे. शांतता पसरली तर ती लगेच भरून काढू नये.

नातेवाइकांवर सराव करणे टाळावे, कारण सुनेचे ऐकणारी सासू तटस्थ राहू शकत नाही. गोपनीयतेबाबतही सैलपणा दिसतो. महाल किंवा इतवारीसारख्या जुन्या वस्तीत केवळ नाव बदलून भागत नाही; गल्ली आणि व्यवसाय सांगितला की माणूस ओळखू येतो. मात्र गोपनीयतेला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच भेटीत सांगाव्यात : जिवाला धोका असल्यास, तसेच बालकावरील लैंगिक अत्याचार समजल्यास मौन पाळता येत नाही. अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

समोरच्याचे दुःख ऐकताना स्वतःची जुनी जखम उघडी पडल्यास ते प्रशिक्षकांना सांगावे. लपवल्यास पुढच्या सत्रात आपण नकळत तोच विषय टाळू लागतो.

अल्प मुदतीचे प्रमाणपत्र मिळताच घरावर पाटी लावण्याची घाई करू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि या वर्गांतून ती मिळत नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला नवख्याने एकट्याने हाताळू नये. तिला एकटे न सोडता प्रशिक्षकांना तत्काळ कळवावे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर संपर्क साधावा आणि गरज भासल्यास शहरातील प्रादेशिक मनोरुग्णालयात सोबत जावे.