सापांच्या खोलीत माइट शिरले तर

पाळलेला बॉल पायथन (छोटा बिनविषारी अजगर) दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसायला लागला, की भांडं उचलून खिडकीपाशी न्या आणि तळ बघा. मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक जीव. कात टाकायच्या आधीही काही साप पाण्यात बसतात, तेव्हा नुसत्या बसण्यावरून काही ठरवू नका. ओल्या पांढऱ्या किचन टॉवेलमधून साप हळूच सरकवा आणि टॉवेल बघा. डोळ्याभोवतीची खाच आणि हनुवटीखालची घडी टॉर्च लावून तपासा, कारण ते तिथेच दडतात. खवल्यांवर पांढरी भुकटी पडल्यासारखी दिसली तर ती त्यांची विष्ठा.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक रॅकमध्ये, म्हणजे एकावर एक सरकवलेल्या प्लास्टिकच्या टबांत राहतात. आई त्या खोलीला पाताळ म्हणते. (धामण, मांडूळ वगैरे आपले देशी साप 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे पाळता येत नाहीत. बॉल पायथन सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून 2024च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नीट असले की डॉक्टरकडे जाताना संकोच होत नाही, आणि या लेखातलं निम्मं काम डॉक्टरचंच आहे.)

सापावरच्या या माइटचं नाव ऑफियोनिसस नॅट्रिसिस. अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत त्याच्या पाच अवस्था, आणि रक्त पितात त्यातल्या दोनच. उरलेल्या अवस्था बहुतेक सापाच्या अंगावर नसतातच. मादी पोट भरलं की खाली उतरते, काळोखी दमट फट शोधते आणि तिथे अंडी घालते. आयुष्यभरात साठ-ऐंशी सहज. 25 ते 30 अंश तापमान आणि दमट हवा मिळाली की दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. पुण्यातला जुलै-ऑगस्ट आणि रॅकची हीटिंग यांचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून माझं ठाम मत असं: औषधाचा पहिला हक्क खोलीचा, सापाचा नंतर. लोक सापाला रोज आंघोळ घालतात, तेल चोपडतात, आणि रॅकच्या खाचेतली अंडी तशीच राहतात.

पहिल्याच दिवशी सगळे टब रिकामे करा, एकाच सापावर माइट दिसले तरी सगळे. माइट चालत शेजारी जातात, तुमच्या बाहीवरूनही जातात. नारळाचा भुसा, साल, लाकडी लपण, सगळं पिशवीत बांधून त्याच दिवशी इमारतीबाहेर. आतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून उपयोग नाही. टबात फक्त पांढरा कागद, पाण्याचं भांडं आणि लपायला पुठ्ठ्याचा खोका ठेवा. खोका दर वेळी फेकून द्या. टब आणि भांडी कडकडीत पाण्याने धुवा. 50 अंशांवरच्या उष्णतेत माइट टिकत नाहीत. रॅकच्या पट्ट्या, स्क्रूची भोकं, हीट टेपच्या वायरीखालची जागा व्हॅक्यूमने काढा आणि त्याची पिशवीही बाहेर टाका.

मग साप. कोमट पाण्यात, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात, तुमच्या नजरेसमोर अर्धा तास. अंगावरचे बरेच बुडतात, पण हुशार मंडळी डोक्यावर चढून बसतात. त्यामुळे ही आंघोळ म्हणजे उपचार नव्हे. कुत्र्या-मांजरांसाठी मिळणारा 0.25 टक्क्यांचा फिप्रोनिल (पिसवा-गोचिडांवरचं औषध) स्प्रे डॉक्टर सुचवतात, तोही थेट फवारायचा नाही. फडक्यावर घेऊन अंग पुसायचं, डोळे आणि तोंड टाळायचं, पूर्ण वाळेपर्यंत पाण्याचं भांडं आत ठेवायचं नाही. पिल्लं आणि अशक्त साप असतील तर आधी विचारा. पशुखाद्याच्या दुकानातल्या गोचीड-पावडरी, झुरळांचे स्प्रे, डासांच्या वड्या त्या खोलीत आणू नका. आणि घरात रेड इअर्ड स्लायडर कासव असेल तर आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचा विषयच काढू नका. कासवांना ते मारक आहे.

कागद दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि हे किमान सहा आठवडे चालवा. तिसऱ्या आठवड्यात एकही ठिपका दिसत नाही, तेव्हाच लोक भुसा परत भरतात, आणि तिथेच चुकतात. अशक्तपणा, तोंडात लाली, जड श्वास दिसला तर आठवडे मोजत बसू नका, डॉक्टरकडे न्या. माइटने साप फिका पडतो, जखमांमधून जिवाणू शिरतात.

गोचीड त्यामानाने सोपी. बाहेरून आयात झालेल्या सापांवर खवल्यांखाली, नाकपुडीशी सापडते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. सर्पमित्र मित्र रेस्क्यूवरून थेट तुमच्या घरी आला, तर त्याला चहा द्या, पण पाताळात नेऊ नका.

पोटातल्या परजीवींचं घरी काही करायचं नाही, फक्त नमुना नीट द्यायचा. ताजी विष्ठा, घट्ट झाकणाची डबी, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात (फ्रीझरमध्ये नाही), शक्यतो त्याच दिवशी लॅबमध्ये. रिपोर्टमध्ये जंतांची अंडी आली की लगेच औषध मागू नका. पांढऱ्या उंदरांच्या आतड्यातले जंत असतात, त्यांची अंडी सापाच्या पोटातून तशीच बाहेर पडतात आणि रिपोर्टमध्ये चमकतात. सापाला खायला कसला उंदीर दिला होता, हे डॉक्टरला सांगा. फेनबेंडाझोल हे जंतांवरचं, मोजूनमापून द्यायचं औषध आहे. जास्त झालं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. म्हणून जाताना सापाचं आजचं वजन ग्रॅममध्ये लिहून न्या. आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींवरच्या मेट्रोनिडाझोलचंही तेच, मात्रा चुकली तर साप तोल सांभाळू शकत नाही. कासवांच्या आतड्यात निवांत राहणारा एंटामीबा इन्व्हाडेन्स हा एकपेशीय परजीवी सापाला मारू शकतो. तेव्हा कासवाचं आणि सापांचं पाणी, भांडी, स्पंज वेगळे.

खाल्लेलं परत परत उलटून टाकणं आणि शरीराच्या मधोमध फुगवटा, हे दोन्ही एकत्र दिसले की क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीचा पीसीआर (जनुकीय तपासणी) करून घ्या. परजीवी रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे एक निगेटिव्ह पुरेसा नाही, पुन्हा तपासा. यावर खात्रीचा इलाज नाही, आणि ब्लीचने तो मरत नाही, वाफ आणि उकळतं पाणी वापरावं लागतं. पॉझिटिव्ह साप कायम वेगळ्या खोलीत, सगळ्यांच्या शेवटी हाताळायचा, किंवा डॉक्टरशी बोलून त्याला शांतपणे निरोप द्यायचा. त्या रॅकमधला कुठलाही साप, पिल्लू किंवा टब दुसऱ्याला द्यायचा नाही, फुकटसुद्धा नाही.