आधी पाय, मग गोल

वॉटर पोलोत तळाला पाय टेकवायचे नसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कॅलिफोर्नियातल्या हायस्कूल संघात नवी आलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात गोलवर फटके मारत सुटते. घोळ तिथेच होतो. एगबीटर, म्हणजे पाण्यात उभं तरंगण्यासाठी पाय गोल फिरवण्याची किक, कच्चा असला की फटक्याच्या वेळी कंबर बुडते, कोपर पाण्याला लागतं आणि 400-450 ग्रॅमचा ओला चेंडू एकट्या खांद्याला फेकावा लागतो. हंगाम संपेपर्यंत हात वर जाईना. मग बर्फ, पट्ट्या, मालिश. पाय मात्र कुणी बघत नाही.

स्टुलावर बसल्यासारखी पाठ ताठ हवी, मांड्या फाकलेल्या, गुडघे कंबरेच्या जवळपास. पावलं आळीपाळीने फिरवा: वरून पाहिलं तर डावं घड्याळाच्या दिशेने, उजवं उलट. दोन्ही एकदम मारलीत तर ती ब्रेस्टस्ट्रोकची किक झाली; अंग बुचासारखं वरखाली होतं आणि नेम गेलाच. कोपरं पाण्याबाहेर काढून 30 सेकंद, मग 30 सेकंद विश्रांती, असं आठ वेळा करा. आठव्या फेरीतही हनुवटी कोरडी राहिली तरच हातात वजन घ्या. गुडघा आतल्या बाजूने दुखला तर थांबा. खुबा आखडलेला असला की फिरण्याचं काम गुडघ्यावर पडतं. आधी जमिनीवर खुबा मोकळा करा. याला महिने लागतात, सगळ्यांनाच लागतात.

फक्त फटके शिकवणारा खासगी कोच म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. निवडक गोलांची चित्रफीतही तितकीच फसवी. विद्यापीठाच्या संघात जागा हवी असेल तर तिथल्या कोचला अख्खा सामना पाठवा. चेंडू हातात नसताना तुम्ही काय करता, ते त्यातच दिसतं.

एनसीएएचं, म्हणजे अमेरिकन विद्यापीठांच्या स्पर्धेचं, महिला वॉटर पोलोतलं विजेतेपद 2001 ते 2025 यूसीएलए, स्टॅनफर्ड आणि यूएससी या कॅलिफोर्नियातल्या तीन विद्यापीठांबाहेर गेलेलं नाही. पण धीर सोडू नका: अमेरिकेची गोलकीपर ॲशली जॉन्सन प्रिन्स्टन विद्यापीठाची, आणि तिच्याकडे दोन ऑलिंपिक सुवर्णं आहेत.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी, अमेरिकेच्या संघाची कर्णधार मॅगी स्टेफन्सने 2024 मध्ये जाहीर लिहिलं, की संघातल्या कित्येकींना दुसरी-तिसरी नोकरी करावी लागते. ते वाचून फ्लेव्हर फ्लेव्ह हा रॅपर प्रायोजक झाला! पैसे देऊन खेळवणारे स्पेन, ग्रीस, इटली, हंगेरीतले क्लब आहेत, पण पदवी अर्धी टाकून तिकडे धावू नका.

आणि नखं. सामन्याआधी पंच हात पुढे करायला लावतात. आदल्या रात्रीच कापून, घासून ठेवा.